पेपर बंद करायचाय? मग बदली द्या

चीनच्या लढाईच्या साली सरकारनं जबलपूरच्या कारखान्यांना सांगितलं, उत्पादन वाढवा. ते वाढलं. त्याच साली मी घरी येणारा पेपर बंद करायचं ठरवलं. तो बंद झाला नाही. देशावर एवढं संकट असताना एका मराठी कारकुनाचा पेपर ही काय गोष्ट झाली, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. ज्याच्या घरी पेपर येतो आणि त्यालाच तो वाचायला मिळत नाही, त्याच्याशीच मला बोलायचं आहे.

पेपर नागपूरचा. जबलपुरातले हिंदी पेपर सकाळच्या चहाबरोबर येतात. आमचा मराठी पेपर नागपुरात निघतो, गोंदियाला छोट्या गाडीत बसतो आणि ती गाडी वाटेत मर्जीप्रमाणे दम खात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जबलपूर गाठते. त्यामुळे आमची लढाई सगळ्या देशापेक्षा एक दिवस मागे चालायची. पण चालायची मराठीत. आम्ही राहायचो त्या घमापूर भागातली मराठी माणसं त्या पेपरला नावानं ओळखतच नसत. "नागपूर आलं का?" एवढंच विचारत.

तर हे नागपूर दुपारी यायचं तेव्हा मी कारखान्यात असायचो. लढाईमुळे ओव्हरटाइम, रविवारसुद्धा सुटत नसे. रजा हवी असेल तर आपल्या जागी उभा राहणारा बदली माणूस द्यायचा, तरच साहेब सही करणार. आम्ही भय्यासाहेबांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. पेपरवाला खालून नेम धरून पेपर वरच्या गॅलरीत टाकायचा. तो जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, की खालून भय्यासाहेबांच्या हेमलताकाकू हाक मारायच्या, "कुंदा, पेपर पाठव गं. यांचं पाहून झालं की देते."

आता घरमालकिणीला नाही कोण म्हणणार? भय्यासाहेबांचे पणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले होते आणि परत जायचं विसरले होते. ही हकिगत भय्यासाहेब भाडं घेताना दर महिन्याला सांगत. अशा घराण्याला पेपर नाकारणं माझ्या बायकोला, कुंदाला, शक्य नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. खालून तो पेपर कुठे कुठे जायचा, देव जाणे. माझ्याकडे यायचा तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शब्दकोडं सोडवलेलं, तेही चुकीचं. कडेला चहाचे डाग, आणि मधे एखादं भोक.

भोकं हेमलताकाकूंची. त्या वर्षी सगळ्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या आणि पेपरात विणकामाचे नमुने छापून येत. काकू ते कापून ठेवत. त्याबद्दल कुरकुर करायची सोय नव्हती. वर हिमालयात जवान थंडीनं काकडतोय आणि खाली घमापुरात हा गृहस्थ भोकाबद्दल तक्रार करतोय, असं झालं असतं.

मग एका सकाळी कुंदाची मामेबहीण विनता नागपूरहून आली. मी कारखान्यात निघायच्या बेतात होतो. कुंदा कांद्याची भजी तळत होती. विनता जिन्याच्या खाली उभी राहिली, वर येईना. हातात एक पिशवी घट्ट धरलेली. कुंदा झारा हातात घेऊनच धावत खाली गेली, तिला वर ओढायला लागली, विनता आणखीच मागे सरकायला लागली.

"अगं, आत ये की. आणि एकटीच आलीस? मामांना काहून नाही आणलंस?"

विनताचा चेहरा बघवेना. ती म्हणाली, "आणलंय."

मामा पिशवीत होते. त्यांची इच्छा होती नर्मदेत जायची, म्हणून विनता अस्थी घेऊन ग्वारीघाटाला निघाली होती. अस्थी घरात आणायच्या नाहीत म्हणून ती खाली उभी होती. मामा जाऊन बरेच दिवस झाले होते. पेपरात फोटोसकट दिलं होतं. जबलपूरच्या कुंदाकडून चार ओळीसुद्धा आल्या नाहीत, याचं नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना नवल वाटत होतं. आणि आता हिच्या घरातून भज्यांचा वास येतोय.

कुंदानं ग्वारीघाटावरून परत येताच हेमलताकाकूंचं दार वाजवलं. काकूंनी विणकामाच्या पिशवीतून कात्रण काढलं. पुढे स्वेटरची पाठ आणि पोट कसं विणायचं ते, आणि मागे मामा. तेही पूर्ण नव्हते. स्वेटरचा नमुना जिथे संपत होता तिथे कात्री वळली होती, त्यामुळे मामा कानापर्यंतच आले होते. काकूंना मनापासून वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत गं मागे कोण आहे. मी आपली जवानांसाठी कापून राहिली होती."

वर आल्यावर कुंदा मला एवढंच म्हणाली, "माझ्या घरी येणारा पेपर मी आधी वाचला असता तर मामा गेल्याचं मला पिशवी बघून कळलं नसतं." मग ती बोलायचीच थांबली. भाजी वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलायची नाही. चांगल्या बोलक्या बाईनं बोलणं थांबवलं की घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते. माझ्याकडे घड्याळ कारखान्यातून बक्षीस मिळालेलं होतं, भलतं मोठ्यानं चालायचं.

खरं म्हणजे मी भय्यासाहेबांना सांगायला हवं होतं, की पेपर आधी आम्ही वाचू, मग तुम्हाला देऊ. पण ते सांगण्यापेक्षा पेपरच बंद करणं सोपं, असं मला वाटलं. मी जिन्यावर उभा राहून, खाली नीट ऐकू जाईल अशा आवाजात, जाहीर केलं, "एक तारखेपासून या घरात पेपर येणार नाही." कुंदानं कुकरची शिट्टी होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं आणि त्या महिन्यातलं तिचं पहिलं वाक्य उच्चारलं. "तुमच्यानं नाही होणार."

मी तडक पेपरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "बाबूजी, हम तो डालने वाले हैं. बंद करने वाले एजेंट साहब हैं." एक तारखेला त्यानं पेपर टाकला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून सायकल मारत घरी आलो आणि त्यानं टाकलेला पेपर त्याच्या अंगावर परत टाकला. त्यानं तो परत वर टाकला, आणि त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता. आमचं हे बराच वेळ चाललं. शेवटी हेमलताकाकूंनी तो मधल्यामधे झेलला.

एजंट म्हणजे चिंतामणराव. सराफ्यात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथूनच ते पेपरची एजन्सी चालवत. त्याआधी हयात आमच्याच कारखान्यात टाइमकीपर म्हणून गेली. माणूस कारखान्यातून बाहेर पडला होता, कारखाना माणसातून बाहेर पडला नव्हता. डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळात बघत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भिंग न काढता विचारलं, "बदली आहे?"

मी म्हटलं, कसली बदली?

मग त्यांनी समजावून सांगितलं. लढाईमुळे कागदाची टंचाई. नागपूरवाल्यांनी ठरवून टाकलेलं, की एखाद्या गावाचा गठ्ठा अमुक एवढ्या प्रतींच्या खाली गेला तर तो गाडीत चढवायचाच नाही. जबलपूरचा गठ्ठा बरोबर त्या काठावर होता. एक प्रत कमी झाली की गठ्ठा बंद, म्हणजे रेल्वे कॉलनीपासून खमरियापर्यंत सगळ्या मराठी घरांचा पेपर बंद. "लढाई चालू आहे, श्रीरंगराव. अशा वेळी आपली मशीन सोडून जाता येत नाही. तुमच्या जागी माणूस उभा करा, अन् खुशाल जा. काय?"

मी म्हणालो, की गाडी येत नाही त्या दिवसांचीही तुम्ही बिलात वर्गणी लावता, त्याचं काय? त्यावर ते म्हणाले, पेपर नागपुराहून निघतो की नाही? निघाला म्हणजे हजेरी लागली. उशिरा पोचला तर तो गाडीचा दोष. या माणसानं हजारो कामगारांचे उशीर लिहिले होते, पण गाडीला मात्र त्यांनी माफ केलं होतं. मी बदली शोधायला निघालो.

सायकल काढली आणि मराठी घरं पालथी घालायला लागलो. सराफ्यातच एका घरी विचारलं. ते म्हणाले, पेपर कशाला विकत घ्यायचा, आमच्याकडे येतोच की. आणखी एका घरी तेच. सगळ्यांकडे येत होता, आणि वर्गणी कुणीच भरत नव्हतं. मला आपल्या समाजाच्या वाचनप्रेमाचं कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मी राइट टाउनला इंदिराबाईंकडे पोचलो.

इंदिराबाई शाळेत शिक्षिका. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी पेपर म्हणताच त्यांनी मला खुर्ची दिली आणि समोर उभ्या राहिल्या. त्यांची तक्रार मोठी होती. पेपर फार उशिरा येतो. शब्दकोडं आधीच कुणीतरी भरलेलं असतं, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. "और तो और, भोकं. कसला वर्गणीदार आहे, काही शिस्तच नाही माणसाला. तुम्ही पेपराचं काम करून राहिले तर सांगा त्याला."

त्यांनी पुरावा म्हणून पेपर माझ्या हातात दिला. कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ऊपर वाले मराठी'. पेपरवाल्याच्या हिशेबात ते आम्ही होतो. तो माझा पेपर होता. घमापुरातून सराफा, सराफ्यातून राइट टाउन, तिथून आणखी दोन घरं करून तो परत माझ्याकडे यायचा. मी ज्यांना ज्यांना बदली व्हा म्हणून विनवत होतो ते सगळे माझाच पेपर वाचत होते. त्यांना माझ्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती, की हा माणूस वेळेवर पेपर पाठवत नाही. मी इंदिराबाईंना म्हटलं, सांगतो त्याला. आणि खरंच, परत येताना सबंध रस्ता मी स्वतःला चार शब्द सुनावत आलो.

दरम्यान ही बातमी फुटली, आणि फुटताना तिचं रूप बदललं. श्रीरंगराव घरचा पेपर बंद करतायत, इथे सुरुवात झाली. सराफ्यात ती 'श्रीरंगराव मराठी पेपर बंद पाडतायत' अशी झाली. कारखान्यात पोचेपर्यंत मी जबलपुरातून मराठी भाषाच काढून टाकायला निघालो होतो. कँटीनमध्ये एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, की मी नेमका कुणाच्या बाजूचा आहे. लढाईच्या दिवसांत हा प्रश्न साधा नसतो. माझा चहा थंड झाला.

शेवटी गावातल्या मराठी मंडळाचं शिष्टमंडळ माझ्या घरी आलं. पुढे मंडळाचे चिटणीस बापू, मागे माझ्या पेपराचे सगळे वाचक, इंदिराबाईसुद्धा. मला पाहून त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. भय्यासाहेब खालून आपली खुर्ची घेऊन आले. माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर, माझा पेपर मधे ठेवून त्यांनी मला समजावायला सुरुवात केली. भय्यासाहेब बोलायला उठले. पणजोबा आले, भोसल्यांची फौज आली, नर्मदा ओलांडून झाली. मग ते म्हणाले, "शत्रू सीमेवर उभा आहे, अन् आपण आपली भाषा बंद करून राहिलो? हा पेपर वाचवायला हवा. काय वाटेल ते झालं तरी वाचवायला हवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्याच घरात कुठे बघावं ते न कळून छताकडे बघत होतो. तेवढ्यात कुंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं पहिला कप भय्यासाहेबांच्या हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मग भय्यासाहेबच होतील ना बदली. यांच्या जागी तेच घेतील पेपर."

कपबशी किणकिणली. भय्यासाहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा हेमलताकाकूंकडे पाहिलं. टाळ्या नुकत्याच वाजून गेल्या होत्या, त्या परत घेता येत नव्हत्या. बापूंनी संधी सोडली नाही. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जबलपूरचा मराठी पेपर वाचवल्याबद्दल मंडळ भय्यासाहेबांचा सत्कार करील.

आणि केला. शाल, श्रीफळ, सदर बाजारातल्या स्टुडिओतून बोलावलेला फोटोवाला. ज्यानं इतकी वर्षं वर्गणी भरून सगळ्यांना पेपर वाचायला दिला त्याला तिसऱ्या रांगेत, खांबामागे जागा मिळाली. ज्यानं एकाही दिवसाची वर्गणी अजून भरली नव्हती तो हार घालून बसला. मला एवढंच समाधान होतं, की पेपर एकदाचा बंद झाला. माझा शब्द राहिला. घरी येऊन मी कुंदाला ते सांगितलं. ती नुसती "अच्छा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत पेपर पडला.

मी त्या संध्याकाळी चिंतामणरावांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बदली माणूस म्हणजे तुमच्याच मशीनवर उभा राहणारा माणूस. माणूस बदलतो, मशीन जागचं हलत नाही. वर्गणी भय्यासाहेबांची, पण पेपर पडणार तिथेच. पत्ता हलवायचा तर नागपूरला अर्ज करावा लागेल आणि तो लढाई संपल्यावर विचारात घेतला जाईल. मी म्हणालो, चीननं लढाई केव्हाच थांबवलीय. ते म्हणाले, नागपूरवाल्यांनी अजून थांबवलेली नाही.

वैतागून घरी आलो आणि कुंदाला हे सगळं ऐकवलं. ती हातातलं काम टाकून ऐकत होती. तिनं ते मला परत एकदा सांगायला लावलं. म्हणजे पेपर त्यांचा, पण पडणार आपल्याकडे? मी हो म्हणालो. त्या रात्री तिनं पोळीवर तूप घातलं आणि जेवताना माझ्याशी नागपूर, मामा, मामांच्या हातचे विडे, सगळं बोलली. मला कारण कळलं नाही, पण घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली, एवढं खरं.

कारण कळलं पुढच्या रविवारी. ओव्हरटाइम उतरला होता आणि किती दिवसांनी मी दुपारचा घरी होतो. गॅलरीत पेपर पडला. लगेच खालून हाक आली, आज काकूंची नाही, खुद्द भय्यासाहेबांची. आवाजात घाई होती. त्यांना बातमी लागली होती, की सत्काराचा वृत्तांत आजच्या अंकात आहे, फोटोसकट. कुंदा गॅलरीत गेली, पेपर उचलला, कठड्यावरून वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "पाठवते हं, भय्यासाहेब. यांचं पाहून झालं की देते."

मग तिनं पेपर माझ्या हातात दिला. कोरा, बिनडागाचा, घडी न मोडलेला. शाईचा वास येत होता. आपल्या पेपराला वास असतो हे मला माहीतच नव्हतं. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, बाजारभाव वाचले, कधीही घेणार नाही त्या केसांच्या तेलाची जाहिरात वाचली. खाली भय्यासाहेब अंगणात येरझारा घालत होते. मी आणखी सावकाश वाचलं. आयुष्यात इतका मानाचा माणूस मी कधी झालो नव्हतो.

वृत्तांत आतल्या पानावर होता. भय्यासाहेब हारात, शाल खांद्यावर, मधोमध. मला खांबानं झाकलं होतं. मी पान कुंदाला दाखवलं. तिनं तो मजकूर शेवटपर्यंत वाचला, मग पान उलटलं आणि थबकली. मागे विणकामाचा नमुना होता. बाही. पाठ आणि पोट छापून आल्यापासून ती बाही आलीच नव्हती, आणि आमच्याकडच्या सगळ्या मराठी बायकांचे स्वेटर बिनबाह्यांचे पडून होते. काकू तर रोज बाहीची वाट बघत होत्या.

कुंदानं कात्री आणली. तिनं पान उन्हात धरून पलीकडे काय येतं ते नीट पाहून घेतलं. मी तिला थांबवू शकलो असतो, पण पिशवी धरून जिन्याखाली उभी राहिलेली विनता मला दिसत होती. तिनं बाही मनगटापासून खांद्यापर्यंत व्यवस्थित कापून घेतली.

मग आम्ही दोघं खाली गेलो. कुंदानं कात्रण हेमलताकाकूंना दिलं. "काकू, बाही आली. जवानांसाठी कापून ठेवली." काकू हरखून गेल्या, पोटावरून हात फिरवावा तसा त्यांनी त्या कागदावरून हात फिरवला आणि लगेच सुया काढायला आत गेल्या. मी पेपर भय्यासाहेबांना दिला. गठ्ठा मोजूनमापून यायचा, त्यामुळे जबलपुरात विकत घ्यायला दुसरी प्रत मिळणार नव्हती, आणि थोड्याच वेळात हीच सराफ्याला आणि राइट टाउनला निघणार होती.

त्यांनी चष्मा लावला, घाईघाईनं आतलं पान उघडलं आणि दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं. आम्ही समोरच उभे होतो. वर ठळक अक्षरात 'जबलपूर येथे सत्कार' एवढं शिल्लक होतं, आणि त्याच्याखाली, दोन रकान्यांच्या मधोमध, भोकातून भय्यासाहेब आमच्याकडे बघत होते.

कुंदा मला हळूच म्हणाली, "फोटो चांगला आलाय."